आमच्या पेठेतलं उलट विचारणारं मेडिकल

मागच्या दिवाळीनंतर माझ्या चपलेचे पट्टे संध्याकाळचे पायात रुतायला लागले. सकाळी चप्पल सैल, दिवेलागणीला घट्ट. मोजे काढले की घोट्याच्या वर इलॅस्टिकची खोल वर्तुळं. एसटीत एकतीस वर्षं कंडक्टरकी केली, तेव्हा पाय सुजणं मला नवीन नव्हतं. पण ते उभं राहून. आता रिटायर होऊन सहा वर्षं झाली आणि उभं राहायचं काम म्हणजे भाजी आणण्यापुरतं. शेजाऱ्यांनी उपाय सांगितला, "पाणी उतरायची गोळी मिळते, लघवीवाटे सगळं निघून जातं. मी पण घेतो." त्यांच्याकडची रिकामी स्ट्रिप खिशात घालून मी आमच्या पेठेतल्या मेडिकलमध्ये गेलो.

काउंटरमागच्या ताईंनी स्ट्रिप पाहिली आणि बाजूला ठेवली.

"काका, एकच पाय सुजतो की दोन्ही?"

"दोन्ही."

"रात्रीत उतरते का सूज? जिना चढताना दम लागतो? उताणं झोपलं की गुदमरतं? पोटरी दुखते, गरम लागते?"

सूज उतरत होती. बाकी सगळ्याला नाही. मग त्यांनी आणखी एक प्रश्न टाकला, "बीपीची गोळी हल्ली बदलली का?" बदलली होती. सप्टेंबरात ॲम्लोडिपिन पाचची दहाची झाली होती. ताई म्हणाल्या, या गोळीनं बारीक रक्तवाहिन्या सैल होतात आणि त्यातून पाणी झिरपून घोट्यात उतरतं. डोस वाढला की हे जास्त दिसतं. लघवी वाढवून ते फारसं जात नाही. "एकच पाय सुजला असता आणि पोटरी दुखत असती तर मी तुम्हाला घरी जाऊ दिलं नसतं, तिथं रक्ताची गाठ असू शकते. दम लागत असता तरी नाही, मग हृदय बघावं लागतं. आत्ता घाई नाही, पण या आठवड्यात डॉक्टरांना पाय दाखवा. आणि गोळी आपल्या मनानं बंद करायची नाही."

त्यांनी एका कोऱ्या बिलाच्या मागे तीन ओळी लिहून दिल्या: कुठली गोळी, किती ताकदीची, कधीपासून, त्रास काय. डॉक्टरांनी ती चिठ्ठी वाचली, दहाची परत पाचची केली आणि जोडीला टेल्मिसार्टन ही बीपीचीच दुसरी गोळी दिली. तीन आठवड्यांत चप्पल सैल झाली. त्या दिवशी दुकानात माझा एक रुपयाही खर्च झाला नव्हता. असं दुकान चालतं कसं, हे बघायला मी पुन्हा पुन्हा जात राहिलो आणि आता वर्षभराचं गिऱ्हाईक आहे. म्हणून हा अभिप्राय.

दुकानाचं नाव लिहीत नाही. लिहू का म्हणून विचारलं होतं. ताई म्हणाल्या, "नको काका, गर्दी झाली की विचारायला वेळ उरत नाही." तेव्हा एवढंच सांगतो: सातारा, मोती चौकापासून चालत पाच मिनिटं, एका शटरचं दुकान. जुनी सागवानी कपाटं, इन्सुलिनचा छोटा फ्रीज, दारात वजनकाटा. भिंतीवर ताईंचं फार्मसिस्टचं रजिस्ट्रेशन काचेच्या फ्रेममध्ये. हे प्रमाणपत्र सगळ्याच मेडिकलमध्ये टांगलेलं असतं, पण फ्रेममधलं माणूस आणि काउंटरवरचं माणूस एकच असेल असं नाही. इथं एकच आहे. गल्ल्यावर त्यांचे सासरे, आप्पा. काउंटरच्या एका कोपऱ्यात साखरेचा स्टीलचा डबा आणि चमचा. मला आधी वाटलं चहासाठी असेल.

त्या डब्याचा उलगडा जानेवारीत झाला. संकष्टी होती. पसरणी घाटात एकदा गाडीचे ब्रेक लागेनात, तेव्हापासून मी संकष्टी कडक करतो. दिवसभर चहा आणि मूठभर शेंगदाणे, चंद्र दिसल्यावर जेवण. साखरेसाठी मेटफॉर्मिन होतीच, तिच्या जोडीला दोन महिन्यांपूर्वी ग्लिमेपिराइड सुरू झाली होती. सकाळी नेमानं घेतली. उपास आणि ही गोळी यांचा एकमेकांशी काही संबंध असेल हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

संध्याकाळी साडेसहाला हिच्या गोळ्या आणायला गेलो. आप्पांनी दोन रुपये सुट्टे नाहीत म्हणून चॉकलेट पुढं केलं आणि मी भडकलो. म्हणजे असा तसा नाही. सुट्ट्या पैशांवरून एकतीस वर्षं लोकांच्या शिव्या खाल्लेला माणूस दोन रुपयांसाठी काउंटरवर हात आपटतोय! आप्पा तोंडाकडे बघत राहिले. ताई मात्र माझ्या कपाळाकडे बघत होत्या. थंडी अशी की लोक कानटोप्या घालून हिंडत होते आणि माझा शर्ट पाठीला चिकटला होता.

"काका, बसा. हात पुढे करा." बोटाला टोचलं. मशीनवर आकडा आला ५२. सत्तरच्या खाली गेली की साखर कमी झाली असं धरतात. ताईंनी डबा ओढला, तीन चमचे साखर अर्ध्या ग्लास पाण्यात ढवळली आणि माझ्या हातात दिली. मी म्हणालो, "माझी संकष्टी आहे." आप्पा म्हणाले, "बाप्पाला मी सांगतो. पी."

पंधरा मिनिटांनी पुन्हा टोचलं, ७८. मला वाटलं, सुटलो. ताईंनी उठू दिलं नाही. या गोळीचा अंमल बराच वेळ राहतो, साखरपाण्यानं वर आलेली साखर पुन्हा खाली जाऊ शकते, म्हणून वर काहीतरी खाल्लंच पाहिजे. बिस्किटाचा पुडा फोडला. मुलाला फोन करून बोलावलं, एकट्याला घरी पाठवलं नाही. रात्री झोपण्याआधी पुन्हा तपासा आणि उद्या डॉक्टरांना आकडे दाखवा, असं बजावलं.

घाम, हात थरथरणं, छातीत धडधड, कडाडून भूक, आणि उगाच चिडचिड किंवा बरळणं. ही यादी मी नंतर पाठ केली. पण माझ्या मनाला लागली ती यादीतली शेवटची गोष्ट. साखर उतरलेल्या माणसाला आपली साखर उतरलीय हे कळायला लागणारं डोकंच त्या वेळी जाग्यावर नसतं. शेजारच्यानं ओळखावं लागतं. आणि माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही ओतायचं नाही, घशात जातं. सरळ १०८ ला फोन. हेही ताईंनी मुलालाच सांगितलं, मला नाही. माझा एक डेपोतला मित्र मेटोप्रोलॉल ही बीपीची गोळी घेतो आणि इन्सुलिनही. त्याच्याबद्दल विचारलं तर म्हणाल्या, त्या गोळीनं धडधड आणि थरथर झाकली जाऊ शकते, घाम झाकला जात नाही. तेव्हा त्याला घामावर लक्ष ठेवायला सांगा. मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, "मला उन्हाळ्यात घाम येतोच की रे." आता याला काय सांगणार.

डॉक्टरांनी उपासाच्या दिवसाचं वेगळं वेळापत्रक करून दिलं. माझी संकष्टी आता फराळाची असते.

आता हिचं. गेल्या वर्षी तिचं पित्ताशयाच्या खड्यांचं ऑपरेशन झालं, दुसऱ्या गावच्या एका हॉस्पिटलमध्ये. ऑपरेशन उत्तम. घरी सोडताना गोळ्यांची यादी दिली, ती आम्ही तिथल्याच मोठ्या मेडिकलमधून घेतली. तिथं वीस टक्के सूट होती, चार मुलं काउंटरवर, दीड मिनिटात पिशवी हातात. हिच्या घरच्या गोळ्याही चालूच होत्या. दहा-बारा दिवसांनी ती सकाळी उठली की भिंत धरायला लागली. डोळ्यांपुढे अंधारी. ऑपरेशनचा अशक्तपणा, असं आम्ही सगळ्यांनी ठरवून टाकलं. नणंदेनं डिंकाचे लाडू पाठवले.

ताईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "घरात जेवढी औषधं आहेत तेवढी सगळी एका पिशवीत भरून आणा. आयुर्वेदिक, मलम, ड्रॉप, सगळं. निवडायचं नाही." पिशवी काउंटरवर उलटी केली तेव्हा मला माझीच लाज वाटली. अकरा स्ट्रिपा, त्यातल्या दोन मुदत संपलेल्या, एकीवर तर नावाचा भागच फाटलेला. ताईंनी पत्ते लावतात तशा स्ट्रिपा मांडल्या आणि दोन शेजारी शेजारी ठेवल्या. एक लाल, एक निळी. नावं पूर्ण वेगळी. खाली बारीक अक्षरात दोन्हींवर एकच शब्द: टेल्मिसार्टन. जुन्या डॉक्टरांची एका कंपनीची, हॉस्पिटलची दुसऱ्या कंपनीची. ही दोन्ही घेत होती, म्हणजे बीपीचा दुप्पट डोस. बीपी मोजलं तर बसून ११०, उभं राहिल्यावर ८८.

आम्हा कंडक्टर लोकांना बारीक अक्षर वाचायची सवय असते. जुन्या छापील तिकिटांवर नंबर वाचून वे-बिल, म्हणजे तिकिटांच्या हिशेबाचा कागद, भरायचं, एक आकडा चुकला तर पगारातून कापून जायचं. पण गोळीच्या स्ट्रिपवर मी आयुष्यात मोठं नाव सोडून खालचं काही वाचलं नव्हतं. आता वाचतो. डोळ्यात भरणारं नाव कंपनीनं ठेवलेलं असतं, औषधाचं नाव वेगळं लिहिलेलं असतं.

त्याच पिशवीत एक तिसरी भानगड निघाली. हिचे गुडघे दुखतात म्हणून ती ॲसिक्लोफिनॅक आपल्या मनानं घेत होती. रोज नाही, पण आठवड्यातले चार-पाच दिवस. जुन्या बीपीच्या गोळीत लघवीचं औषधही मिसळलेलं होतं. ताईंनी आवाज खाली आणला आणि विचारलं, "काकू, शौचाला काळी होते का?" ही माझ्याकडे बघायला लागली. मी वजनकाट्यावर जाऊन उभा राहिलो. पुढचं मला घरी कळलं. हिला काळी होत होती, पण लोहाच्या गोळ्याही चालू होत्या. लोहानं काळसर हिरवी होते, त्यात घाबरण्यासारखं नसतं. डांबरासारखी चिकट, काळीभोर आणि उग्र वासाची असेल तर पोटात रक्त जातंय असं समजून त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायचं. हिची पहिल्या प्रकारची होती. तरी ताईंनी चिठ्ठीत लिहिलं: बीपीची गोळी, त्यात लघवीचं औषध, वर दुखण्याची गोळी, तिन्ही एकदम चालू, किडनी तपासावी. क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचं काम कसं चाललंय ते सांगणारा रक्तातला आकडा, वाढलेलं निघालं. डॉक्टरांनी दुखण्याची गोळी बंद केली, बीपीची एकच ठेवली. पुढच्या महिन्यात रिपोर्ट बराच खाली आला. गुडघे अजून दुखतात. त्यावर व्यायाम सांगितलाय, तो ती करत नाही.

या सगळ्यात थायरॉइडची गोळी ही चहाबरोबर घेते हेही बाहेर आलं. ती उपाशीपोटी पाण्याबरोबर घ्यायची, चहा-नाश्ता अर्ध्या-एक तासानं, आणि लोहाची किंवा कॅल्शियमची गोळी चार तास लांब ठेवायची. तीन वर्षं डोस वाढत का चाललाय याचं कोडं आम्हाला पडलं होतं.

मला हे दुकान ज्या दिवशी पूर्ण कळलं तो दिवस मात्र वेगळाच. माझी मेहुणी कोरेगावहून आली होती. तिला संधिवात आहे, बोटं वाकडी होणारा. नव्या डॉक्टरांनी नवीन गोळी सुरू केली होती. तोंड आलंय, काही खाता येत नाही, म्हणून तोंडाला लावायचं जेल घ्यायला ही तिला घेऊन गेली. मी बरोबर होतो. कुठल्याही दुकानात जेल मागितलं की मिळतं, तीस-चाळीस रुपयांची गोष्ट. ताईंनी मेहुणीला तोंड उघडायला लावलं, मोबाइलची बॅटरी मारली. "ताप?" कणकण होती. "अंगावर कुठं निळे डाग?" दंडावर होते. "नवीन औषध कुठलं चालू आहे?"

मेहुणीनं पर्समधून स्ट्रिप काढली. मेथोट्रेक्सेट. ही गोळी संधिवाताला आठवड्यातून एकदाच घेतात. डॉक्टरांनी चिठ्ठीवर इंग्रजीत तसं लिहिलेलंही होतं. ज्या दुकानातून घेतली त्या दुकानदारानं मात्र सवयीनं पाकिटावर "सकाळी १" असं पेनानं खरडलं होतं. ती बिचारी नऊ दिवस रोज एक घेत होती.

ताईंचा चेहरा बदललेला मी तेव्हा एकदाच पाहिला. जेल दिलं नाही. आप्पांना दुकान बघायला सांगितलं, स्वतः रस्त्यात जाऊन रिक्षा थांबवली आणि म्हणाल्या, "घरी जाऊ नका, आत्ता या क्षणी हॉस्पिटल. ही स्ट्रिप दाखवा आणि नऊ दिवस रोज घेतली हे सगळ्यात आधी सांगा." पांढऱ्या पेशी खूप उतरलेल्या, प्लेटलेटही. फोलिनिक ॲसिडची इंजेक्शनं, वेगळी खोली, आठ दिवस ॲडमिट. आली बाहेर. नंतर आम्हाला कळलं की या गोळीच्या बाबतीत हीच चूक जगभर होत आलेली आहे. तोंड येणं ही तिथं आतून आलेली पहिली वर्दी असते, आणि आपण तिला जेल लावून गप्प करणार होतो.

तेव्हापासून मी पाहिलंय, ही गोळी कुणी घ्यायला आलं की ताई स्ट्रिपवर जाड मार्करनं वाराचं नाव लिहितात, गिऱ्हाइकाकडून ते मोठ्यानं वाचून घेतात आणि मगच पैसे. एका आजोबांनी वैतागून "रविवार, रविवार, रविवार" असं तीनदा म्हणून दाखवलं.

दुपारी मला काम नसतं. दुकानात एक प्लॅस्टिकची खुर्ची आहे, तिथं बसून मी बरंच ऐकतो. एक गृहस्थ चौथ्यांदा खोकल्याचं औषध न्यायला आले होते. कोरडा खोकला, घशात खवखव, रात्री जास्त. रामिप्रिल चालू होती. ताईंनी बाटली दिलीच नाही, डॉक्टरांकडे पाठवलं. या जातीच्या बीपीच्या गोळ्यांनी काहींना असा खोकला होतो, सुरू करून आठवडे-महिने झाल्यावरही, आणि गोळी बदलली की बहुधा महिन्याभरात जातो. पण त्यांनी जाताना आणखी एक सांगितलं: ओठ, जीभ किंवा चेहरा सुजला तर डॉक्टरांच्या वेळेची वाट बघायची नाही, सरळ हॉस्पिटल.

एक कॉलेजचा मुलगा पांढराफटक होऊन आला. टीबीची औषधं सुरू झाली आणि लघवी लालभडक नारिंगी. त्याला हसून परत पाठवलं, रिफॅम्पिसिननं होतं, घामाचे डागही पडतील, गोळी सोडू नको. पण जाता जाता थांबवलं आणि उजेडात त्याचे डोळे पाहिले. डोळे पिवळे झाले, उलट्या झाल्या, अन्नावरची वासना गेली तर लगेच यायचं, ते यकृताचं असतं. आणि लाल-हिरव्या रंगात गोंधळ व्हायला लागला तरी. जो रंग बघून माणूस घाबरतो तो निरुपद्रवी, आणि जो आरशात नीट बघितल्याशिवाय दिसत नाही तो महत्त्वाचा. सरकारी दवाखान्यात त्याला हे सांगितलं असेलही, पण त्या गर्दीत कुणाच्या डोक्यात काय राहतं?

अंगावर पुरळ उठलं म्हणून लोशन मागणाऱ्याला त्या तीन गोष्टी विचारतात: गेल्या दोन महिन्यांत नवीन गोळी सुरू झाली का, ताप आहे का, तोंडात-डोळ्यांत चट्टे आहेत का. फिट्सची कार्बामाझेपिन, युरिक ॲसिडची ॲलोप्युरिनॉल, सल्फाची औषधं, यांच्या बाबतीत फार जपतात. नुसती खाज असेल तर लोशनवर भागतं, पण कातडी सोलायला लागली, फोड आले, डोळे लाल झाले तर लोशन मिळत नाही, रिक्षा मिळते.

काउंटरच्या काचेवर आतून एक फलक चिकटवलाय. औषधाचा दुष्परिणाम कळवायचा असेल तर केंद्र सरकारचा फुकट नंबर, १८००-१८०-३०२४. मी समजत होतो हे डॉक्टरांसाठी असेल. तसं नाही, रोगी स्वतः कळवू शकतो, मराठीतही फॉर्म आहे. २०१० पासून ही योजना चालू आहे, कारभार गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनकडे. मी कंडक्टरी बाण्यानं विचारलं, "आपण तक्रार करायची आणि ती फायलीत पडणार, होय ना?" ताईंनी शेजारी चिकटवलेला कागद दाखवला. नोव्हेंबर २०२३ मध्ये याच कमिशननं मेफेनॅमिक ॲसिडबद्दल सावधगिरीची सूचना काढली होती. पाळीच्या दुखण्याला पोरी घेतात ती गोळी. क्वचित कुणाला त्यानं ताप, पुरळ, गाठी सुजणं आणि आतल्या अवयवांना इजा असा गंभीर प्रकार होतो. देशभरातून आलेल्या नोंदी तपासूनच ती सूचना निघाली. मेहुणीच्या प्रकरणाचा फॉर्म ताईंनी आमच्याकडून भरून घेतला. चूक गोळी देण्यातली होती, तरी नोंदवायची असते म्हणाल्या.

आता तक्रारी. मी भाट नाही.

दुकान सावकाश चालतं. पुढं एखादी इन्सुलिन नव्यानं सुरू झालेली बाई असेल तर अर्धा तास धरूनच चाला. सूट नाही, "एमआरपी म्हणजे एमआरपी" हे आप्पांचं घोषवाक्य. दुपारी दीड ते साडेचार बंद, रविवारी पूर्ण बंद. घरपोच नाही. अँटिबायोटिक चिठ्ठीशिवाय मिळत नाही. मी ओळखीचा म्हणून मागून पाहिलं, स्ट्रिपवरची लाल रेघ दाखवून परत पाठवलं. झोपेच्या गोळीचं तर नावच काढू नका.

सगळ्यात मोठी उणीव म्हणजे आडोसा नाही. मी खुर्चीत बसून जे वर ऐकलं, ते मला ऐकू यायलाच नको होतं. ताई बायकांशी हळू बोलतात, पण एका शटरच्या दुकानात हळू म्हणजे किती हळू? मी हे त्यांना सांगितलं. त्यांनी खुर्ची बाहेरच्या पायरीवर हलवली. म्हणजे उपाय माझ्यावरच झाला.

आणि त्यांचा अंदाज चुकतोही. मार्चमध्ये माझा डावा जबडा दुखत होता. लवंगेचं तेल मागितलं तर प्रश्न सुरू: चढ चढताना वाढतं का? आमचं घर अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याच्या बाजूला, चढाशिवाय घरच येत नाही, मी हो म्हणालो. घाम, छातीवर दाब? नक्की सांगता येईना. साखरेच्या माणसाला हृदयाचं दुखणं छातीत न येता जबड्यात, हातात, पोटात येऊ शकतं, म्हणून तातडीनं ईसीजी काढायला पाठवलं. ईसीजी, रक्ताची तपासणी, संध्याकाळपर्यंत हॉस्पिटलमध्ये, दोन हजारांच्या वर खर्च. सगळं नॉर्मल. दुसऱ्या दिवशी दाताच्या डॉक्टरांनी किडलेली दाढ काढली. मी दुकानात जाऊन ती बाटलीत घातलेली दाढ काउंटरवर ठेवली. ताई म्हणाल्या, "बरं झालं, दाढच निघाली." आप्पांना मात्र हसू आवरेना.

पाचपैकी चार. एक आडोशाचा कापला. दुपारच्या बंदसाठीही अर्धा कापणार होतो, पण ही म्हणाली, त्यांनीही जेवायचं असतं.

परवा पायाच्या तळव्यांना मुंग्या येतात म्हणून विचारायला गेलो होतो. मी स्वतःच सांगितलं, साखरेनं असेल. ताईंनी विचारलं, "मेटफॉर्मिन किती वर्षं?" नऊ. "बी-ट्वेल्व्ह कधी तपासलं?" कधीच नाही. ही गोळी वर्षानुवर्षं घेतली की ते व्हिटॅमिन कमी होऊ शकतं, आणि मुंग्यांचं खापर साखरेवर फुटत राहतं. बिलाच्या मागे पुन्हा तीन ओळी. रक्त देऊन आलोय, रिपोर्ट मंगळवारी.

जाणार असाल तर चिठ्ठी आणि जुन्या स्ट्रिपा दोन्ही घेऊन जा, नुसता मोबाइलमधला फोटो दाखवला तर त्या उलटी बाजू दाखवा म्हणतात. आणि दुचाकी शटरसमोर लावू नका, आप्पा ओरडतात.